खाटेला बांधलेला हात

“काहून बांधला वं माहा हात?”

सासूबाईंचा आवाज कानी पडला तेव्हा कुठे सुभद्रा भानावर आली... भर दुपारी ती प्रयागबाईंच्या खाटेशी उभी होती, आणि त्यांचं मनगट तिनं स्वतःच्याच हातांनी, जुन्या पातळाची पट्टी फाडून, खाटेला पक्कं बांधून टाकलं होतं! आडवं झाल्यावर आपण कधी उठलो, काही केल्या आठवेना.

शेजारणी जमल्या. सुनेच्या अंगात काही शिरलं इथपासून, म्हातारीच्या पाटल्यांवर डोळा होता इथपर्यंत बोलून झालं. प्रयागबाईंनी कपड्यांचं गाठोडं बांधलं. रेल्वेचा संप होता, म्हणून संध्याकाळच्या एसटीनं काटोलला भावाकडे जायचं आणि नातीलाही या घरात ठेवायचं नाही, असं त्यांनी मुलाला, गिरिधरला, बजावलं. बायकोकडे न बघताच तो रिक्षा आणायला गेला.

लेक जाणार या विचारानं सुभद्राचा जीव कासावीस झाला. ती सरकारी दवाखान्यात नर्स; शहरातल्या इतवारी भागात कॉलरा पसरल्यापासून वॉर्डातली तिची रात्रपाळी संपली नव्हती, आणि दिवसा धड झोप लागत नव्हती. सासूच्या पायाशी बसून, नवऱ्यालाही न सांगितलेलं ती सांगू लागली... तळमळणाऱ्या रोग्याचा हात खाटेला बांधावा लागतो, नाहीतर सलाईनची सुई निघते. एका पहाटे एका बाईचा हात बांधायचा राहून गेला, आणि थकलेल्या सुभद्राला उभ्या उभ्याच डुलकी लागली.

“जागी झाली तं सुई निघाली होती, आत्याबाई. ते बाई गेली होती... आता डोळे मिटले का कोणाचा तरी हात सुटलेला दिसते मले.”

प्रयागबाईंनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

“लेकरं होती तिले?”

“होती.”

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. “सरकारनं तुले बिमारांचे हात बांधाले ठेवलं वं, मले कायले बांधतं?” असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. “नीज आता. मी जागी आहो. कोणाले काही झालं तं उठवीन तुले.”

झोप येणार नाही, असं सांगता सांगताच सुभद्राची मान सासूच्या मांडीवर कलली.

गिरिधर परतला तेव्हा आईनं त्याला नजरेनंच दारात थांबवलं. एसटीची वेळ झाली, हिलाही ड्युटीवर जायचं आहे, असं तो पुटपुटला.

“तेच रिक्षा घेऊन दवाखान्यात जाय, बाबू,” प्रयागबाई हळूच म्हणाल्या. “तिथल्या मोठ्या बाईले सांग, माही सून आज झोपून राहिली.”