आठव्या मजल्यावरची बदली

“मग राहा तू एकटीच इथं! मी नि अक्षता चारकोपला जातो.”

“जा की. चारकोपला जा, नाहीतर चंद्रावर जा. पण सही माझी लागणार आहे, आणि ती इथंच होणार.”

भांडण लिफ्टमध्ये सुरू झालं होतं. ते आमच्याबरोबर आठव्या मजल्यावर उतरलं आणि त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आमच्या आधी शिरलं. माझा मुलगा निलेश पंचेचाळिशीचा झाला, तरी भांडताना नाकपुड्या फुगवतो, थेट त्याच्या बापासारखा. सून अक्षता दारापाशीच रेंगाळलेली. ब्रोकर मितेश किल्ल्यांचा जुडगा हलवत आमच्या मधे उभा. एप्रिलची दुपार, तीन वाजलेले.

“आई, एकसष्ट सालची बिल्डिंग आहे ही. सळया बाहेर आल्यात. लिफ्टला अजून हातानं ओढायचं जाळीचं दार! चारकोपला सगळं नवं आहे, खाली पार्किंग आहे...”

“पार्किंगमध्ये काय माझ्या चपला लावणार आहेस?”

मितेश हसला. “माजी एकदम बरोबर बोलते. निलेशभाय, असा मोझॅक आता कोण देते? हा हॉल बघा, ही गॅलरी बघा. ज्यानं नकाशा काढला तो फॉरेनला शिकून आलेला.”

मला काय बघायला सांगतोस बाबा. घाटकोपरच्या या ‘सुवर्णरेखा’चा इंच न् इंच मला पाठ होता. खालचे तिरके खांब, पोर्चवरचं पानाच्या आकाराचं छप्पर, जिन्याची सिमेंटची जाळी आणि तिच्यातून भिंतीवर पडणारे उन्हाचे चौकोन. फक्त हा हॉल मी कधी उभ्यानं पाहिला नव्हता. उकिडवं बसून, हातात ओलं फडकं धरून पाहिला होता. बारा वर्षं.

गिरणी बंद पडून माझा नवरा गुणाजी घरी बसला, तेव्हा मी इथं भांडी-लादीला लागले. समोरच्या लिफ्टपाशी पाटी होती. त्या पाटीवर काय लिहिलंय ते कळावं म्हणून मी रद्दीच्या पेपरावरून अक्षरं शिकले, कुणी शिकवली नाहीत. ‘नोकरांनी मागच्या जिन्याचा वापर करावा.’ वाचता आलं त्या दिवशी वाटलं, नसतं आलं तर बरं झालं असतं. मागचा जिना म्हणजे लोखंडी, गोल गोल फिरणारा, कचऱ्याच्या पिंपांपासून वर आलेला. प्रत्येक स्वयंपाकघराला त्याच्यावर एक दार, आणि त्या दाराला बेल नाही. आम्ही बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची.

आज मी समोरून आले होते. लिफ्टनं. आणि निलेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई ‘घाटकोपरला कामाला’ जायची, एवढंच.

“मी किचन बघून येते,” अक्षता म्हणाली. तिला आमच्या तोंडापासून लांब जायचं होतं.

“नळाला पाणी नाय हां ताई,” मितेश म्हणाला. “मालक बाहेरगावी. चार वरसापासून लाइन बंद.”

ती आत गेली आणि निलेशनं आवाज चढवला.

“बाबांची खोली विकली ती या भंगारासाठी? एवढं काय आहे गं या फ्लॅटमध्ये? बाजूच्या बिल्डिंगमध्ये होता तो नको, सातव्यावरचा नको, हाच पाहिजे. सांग ना एकदा!”

“माझी मर्जी.”

“तुझी मर्जी! आयुष्यभर तुझीच मर्जी!”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. जर्मनचं पातेलं दगडी मोरीत पालथं घातल्याचा. मग दुसरं. मग काथ्याची खसखस, एका लयीत, न थांबता. पाठोपाठ वास... ओल्या राखेचा. आता कोण राखेनं भांडी घासतं? आणि त्या रिकाम्या घरात भांडी होतीच कुठं?

“माजी, बरं नाय वाटत काय?” मितेशनं विचारलं.

मी खाली बघत होते. हॉलमध्ये धूळ इतकी की आमच्या चपला उमटल्या होत्या. पण बेडरूमच्या खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत लादी लखलखीत ओली. नुकती पुसलेली. लादी पुसणारीचा हात लादीवर उमटतो, हे ज्यांनी पुसली नाही त्यांना कळायचं नाही. उजव्या हाताचे अर्धगोल एकीकडे झुकतात, डाव्या हाताचे दुसरीकडे. हे दुसरीकडे झुकलेले होते.

द्रौपदी डावखुरी होती.

माझ्यासारखीच कामवाली, पाचव्या मजल्यावर. आमच्यात बदलीची रीत होती. मला जमलं नाही तर माझ्या घरी ती जायची, तिचं अडलं की मी. एक बदली घेतली की एक द्यायची. ती कुणी बुडवत नसे. बाकी जगानं आम्हाला काय दिलं होतं? आमचा शब्द तेवढा आमचा होता.

एका वर्षी दिवाळीआधी इथल्या बाईसाहेबांनी मला सांगितलं, उद्या खिडकीच्या काचा बाहेरून पूस, छज्ज्यावर उतरून. आठव्या मजल्यावर! नाही म्हटलं असतं तर काम गेलं असतं. मी हो म्हटलं, आणि संध्याकाळी द्रौपदीला गाठून सांगितलं की निलेशला ताप आहे, उद्या माझी बदली कर. निलेशला काही झालं नव्हतं. छज्ज्याचं मी तिला सांगितलं नाही.

दुपारी तीनला पडली.

बाईसाहेब पोलिसांना म्हणाल्या, ही आमची बाई नव्हे, ही घरात कशी शिरली कोण जाणे. पोलिसांनी मला विचारलं, तू हिला पाठवलंस का? मी नाही म्हटलं. द्रौपदीच्या घरच्यांनी चोरीचा डाग घेऊन तिला जाळलं. आणि मी पुढच्या सोमवारी मागच्या जिन्यानं कामावर हजर. बाईसाहेबांनी त्या दिवाळीला साडी दिली. मी नेसले.

वाटलं होतं, मालकीण होऊन समोरच्या दारानं आत आले की मागच्या दाराकडे पुन्हा बघावं लागणार नाही.

टक... टक.

“कोण आलंय?” मी विचारलं.

“कुठं?”

“मागच्या दाराला.”

मितेशनं मान हलवली. “वारा असेल. तिथं कोण येणार माजी? तो जिना गंजला म्हणून सोसायटीनं कधीच कापून काढला. ते दार उघडला ना, तर डायरेक्ट...” त्यानं हात खाली नेला.

“विषय बदलू नका रे दोघं!” निलेश ओरडला.

पण मी ऐकत होते. आत अक्षता कुणाशी तरी बोलत होती. हलक्या, हसऱ्या आवाजात. “हो... हो, चालेल ना... त्यात काय एवढं...”

मग कडी सरकल्याचा आवाज आला.

अक्षता बाहेर आली. ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हात ओले, ठिबकत होते, नखांत राख.

“आई, ती मागची बाई किती गोड आहे हो! डाव्या हातानं काय भराभर घासते. खूप दमलेय म्हणाली बिचारी, कुणी बदलीला येतच नाही. मी म्हटलं, मी येते की उद्यापासून.”

मितेशचा जुडगा हलायचा थांबला.

“कोण बाई?” निलेश वैतागला होता, त्यानं तिच्या हातांकडे बघितलंच नव्हतं. “अक्षता, आता तू सुरू होऊ नकोस. आई, शेवटचं विचारतो, हा की चारकोपचा?”

अक्षता हसत होती. हसत हसतच ती वळली आणि परत स्वयंपाकघराकडे चालू लागली, ओल्या अर्धगोलांवरून, अनवाणी. तिनं चपला कधी काढल्या होत्या?

मी धावले. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. तिचं मनगट धरलं, ते मोरीतल्या दगडासारखं गार होतं. तिला मागे ओढून निलेशच्या अंगावर ढकलून दिलं.

स्वयंपाकघर कोरडं ठाक होतं. मोरीत कोळ्यांची जाळी. मागचं दार मात्र सताड उघडं, आणि दारात नुसतं पांढरं आभाळ. खाली कुठंतरी एक घार फिरत होती, तिची पाठ मला दिसत होती. दारापलीकडे, जिथं आता ना पायरी ना कठडा, तिथं हवेतच, माझ्या कमरेच्या उंचीवर, पाण्याचे थेंब एकामागून एक तयार होऊन खाली पडत होते. कुणीतरी समोर उभं राहून पोतेरं पिळत असावं तसे.

मागून निलेश अजून विचारत होता, हा की चारकोपचा, आई, बोल ना, हा की चारकोपचा.

मी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि म्हटलं, “द्रौपदे, पोरीचा शब्द धरू नकोस, तिला काही ठाऊक नाही, त्या दोघांना चारकोपला जाऊ दे, उद्यापासून मागच्या जिन्यानं मीच येते.”