खाली घड्याळं उघडली आहेत!

धप्प!

दाढीवाले सर गादीवर पडले, हात आपटून टुणकन उभे राहिले आणि दाढी कुरवाळत म्हणाले, "याला म्हणतात पडणं! वर्ग सुरू झाला त्या पहिल्याच वर्षी शिकलोय मी हे. पाच वर्षांचा होतो!"

धप्प! धप्प! शिट्टीवाले सर लागोपाठ दोनदा पडले. त्यांच्या गळ्यातली शिट्टी स्वतःच वाजली. "मीही पहिल्याच वर्षीचा. आणि मी साडेचारचा होतो!"

"रविवारपर्यंत दोघंही पाळण्यातून उडी मारून आले होते म्हणतील," ढब्बू पुटपुटला. ढब्बू म्हणजे भिंगरीचा मावसभाऊ. सुट्टीला आला होता आणि येताना भूक घेऊन आला होता.

"पण पाळण्यातून उडी मारता येते का?" शंकी म्हणाली. ही शेजारची. तिचं कुठलंच वाक्य "पण"शिवाय सुरू होत नसे.

भिंगरीला मात्र हसू आलं नाही.

ज्युदोचा हा वर्ग तिच्या आजोबांचा. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, लाकडी जमीन, वर गाद्या. पन्नास वर्षं आजोबांनी इथे पोरांना पाडलं आणि पुन्हा उभं केलं. पण हल्ली ते विसरू लागले होते. चष्मा विसरत, वार विसरत, कधी कधी भिंगरीलाही "तू कोण गं?" म्हणत. म्हणून रविवारी या दोन्ही सरांसकट सगळे जुने विद्यार्थी जमणार होते. जो सर्वांत जुना, त्याने वर्ग चालवायचा. पहिल्या वर्षांची वही वाळवीने फस्त केली होती. तेव्हा ज्याची जीभ लांब, त्याचं वर्ष आधीचं!

दोन्ही सरांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. "मोठ्या सरांनी आता घरी आराम करावा. मुलांसमोर बरं दिसत नाही."

घरी आजोबा भिंतीकडे बघत बसत आणि दर पाच मिनिटांनी विचारत, "चार वाजले का?" चार वाजता वर्ग भरायचा. तिथल्या खुर्चीत बसले की त्यांची पाठ ताठ व्हायची. ती खुर्चीच गेली, तर आजोबांचं काय उरणार?

धप्प! दाढीवाले सर पुन्हा पडले. हा धपका एवढा मोठा होता, की गल्लीतल्या तीन मांजरांनी म्हणे त्याच दिवशी घर बदललं.

खुर्चीतल्या आजोबांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं. "श्श! हळू! खाली घड्याळं उघडली आहेत!"

दोन्ही सरांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. "हेच म्हणतोय आम्ही. खाली चपलांचं दुकान आहे, आणि हे रोज घड्याळांचा विषय काढतात."

जिना उतरताना भिंगरी मध्येच थांबली. "ए, विसरणारा माणूस असलेली गोष्ट विसरतो. नसलेली घड्याळं रोज कशाला आठवतील?"

"पण खाली खरंच चपला आहेत," शंकी म्हणाली.

"आज आहेत! आधी काय होतं?"

चपलावाले म्हणाले, "माझ्याआधी इथे छत्र्यांचं दुकान होतं." छत्रीवाले आता कोपऱ्यावर बसून तारा बदलत. ते म्हणाले, "माझ्याआधी? घड्याळजी होते की! वरचा वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी दुकान हलवलं त्यांनी. पोस्टाच्या मागे जा. आता लेक बघते."

तिघं पळतच सुटले.

पोस्टामागचं ते दुकान म्हणजे आगपेटी! आत शंभर घड्याळं, आणि प्रत्येकाचं मत वेगळं. मध्ये स्टुलावर साठीच्या एक काकू. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग.

"आलात तर श्वास धरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "शिंकलात तर ही स्प्रिंग थेट पोस्टात जाईल."

ढब्बूने श्वास धरला, पोट आत घेतलं आणि जागा द्यायला मागे सरकला. त्याच्या पिशवीचा पट्टा स्टुलाच्या पायात अडकला. स्टूल सरकलं. काकू मागच्या मागे गेल्या!

तिघांनी डोळे मिटले. आता धप्प होणार...

काही नाही. टिकटिक, टिकटिक.

डोळे उघडले तर काकू जमिनीवर गोल वळून पडलेल्या. भिंग डोळ्याला तसंच, स्प्रिंग चिमट्यात तशीच.

"बघताय काय? आधी स्प्रिंग घ्या, मग मला!"

"सॉरी काकू! लागलं का?" ढब्बू रडकुंडीला आला. "पण आवाज कसा नाही झाला?" शंकीने विचारलंच.

"लहानपणची सवय," काकू साडी झटकत म्हणाल्या. "आमच्या दुकानाच्या वर एकाने ज्युदोचा वर्ग काढला होता. खाली बाबांची घड्याळं उघडलेली. एक धपका, की त्यांच्या हातातलं चाक उडालंच! अकरा वर्षांची होते मी. बाबा म्हणाले, जा, भांडून ये. मी वर जाऊन ओरडले, 'हत्ती पाळलेत का?' तो दादा बिचारा ओशाळला. म्हणाला, 'वर्ग बंद करवत नाही आणि तुझ्या बाबांचं कामही बिघडवायचं नाही. मी पडतो, तू खाली उभी राहा. वाजलं की ओरड.' महिनाभर तो पडला आणि मी ओरडले. मग कंटाळून म्हटलं, थांब, मीच पडून बघते! दोघांनी मिळून न वाजणारं पडणं शोधलं. बाकीचे विद्यार्थी त्यानंतर आले. दोन वर्षं सगळे तसंच शिकले. मग आम्ही दुकान हलवलं, वर गाद्या आल्या, आणि हात आपटायची मोकळीक झाली."

भिंगरीचे डोळे चमकले. "म्हणजे पहिल्या वर्षीचा माणूस वाजणारच नाही!"

"पण दोन्ही सर तर..." शंकी बोलता बोलता थांबली आणि पहिल्यांदाच तिला "पण"च्या पुढे काही सुचलं नाही.

"काकू, सर्वांत जुन्या तुम्हीच! रविवारी चला."

"छे गं! मी कसली शिष्या? मी भांडायला गेले होते."

"तो दादा म्हणजे माझे आजोबा. ते अजून सगळ्यांना गप्प करतात, खाली घड्याळं उघडली आहेत म्हणून. सगळ्यांना वाटतं, त्यांना भ्रम झालाय. त्यांना आता वर्गात येऊही देणार नाहीत."

काकूंनी डोळ्यावरचं भिंग काढलं. तो डोळा ओला होता. "किती वाजता?"

रविवारी खोली खचाखच भरली. गाद्या मात्र गच्चीवर होत्या. "ऊन दाखवतोय," असं सांगून पोरांनी सकाळीच त्या वर नेल्या होत्या. दोन्ही सरांची जुंपली, तेव्हा भिंगरीने हात वर केला.

"पहिल्या वर्षी आजोबांनी शिकवलं, अगदी तसं पडून दाखवा ना!"

"एवढंच?" धप्प! "आई गं!" दाढीवाले सर कण्हले. धप्प! शिट्टी वाजली.

"श्श! खाली घड्याळं उघडली आहेत!" आजोबा कळवळून म्हणाले.

"हो ना, दादा," दारातून आवाज आला. काकूंनी पदर खोचला, त्या मधोमध आल्या आणि पडल्या. जमिनीला कळलंसुद्धा नाही.

आजोबा खुर्चीतून उठले आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. नाव काही आठवेना. ओठ नुसते हलत होते. भिंगरीने श्वास रोखला.

"डावं कोपर," आजोबा म्हणाले. "अजून मध्ये येतं तुझं."

"येतं, दादा," काकू हसत डोळे पुसू लागल्या. "पुन्हा शिकवा."

काकू कोण, कधीच्या, हे मग भिंगरीने सगळ्यांना सांगितलं.

"मी... सहाव्या वर्षी आलो," दाढीवाले सर हळूच म्हणाले.

"मी सातव्या," शिट्टीवाले म्हणाले.

"म्हणजे मी मोठा!"

सगळे खो खो हसले. दोन्ही सरसुद्धा.

"वर्ग तुम्ही दोघं चालवा, मला दुकान आहे," काकू म्हणाल्या. "पण सर्वांत जुनी म्हणून सांगते. दादा रोज इथे येतील. त्यांचं बोलणं कळलं नाही तर मान हलवायची नाही. विचारायचं."

दाढीवाल्या सरांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही एवढी मोठी माणसं, रोज नुसतं ऐकत होतो. लक्ष दिलंत तुम्ही तिघांनी. शाबास!"

दुसऱ्या दिवशी पावणेचारला आजोबा आरशासमोर उभे होते. कमरेच्या पट्ट्याची दोन्ही टोकं हातात, आणि पुढचं काही सुचत नव्हतं. भिंगरी मदतीला वाकली.

"हात काढ!" आजोबा गुरगुरले. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांनी आपसूक घट्ट, चापूनचोपून गाठ मारली. "आणि पळ आता. उशीर झाला तर पन्नास उठाबशा!"

"कुणाला?"

"तुला! मी सर आहे!"

भिंगरी जिन्याकडे पळाली. तिला उठाबशाही चालल्या असत्या.