उलटा तास

लॉ कॉलेजच्या जिन्याच्या वळणावर घटनाबाईंच्या हातातला पुस्तकांचा ढीग एका गृहस्थांच्या पोटावर आदळला आणि पायऱ्यांवर विखुरला.

"माफ करा, दिसलं नाही मला."

"तुला तेव्हाही दिसत नव्हतं," असं म्हणत गृहस्थ पुस्तकं गोळा करायला वाकले.

बाईंनी चष्मा वर सरकवला. गृहस्थांचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. पण एक भुवई उंचावून हसायची खोड तीच.

"तहकूब...?"

कायद्याच्या वर्गात त्याला सगळे तहकूबच म्हणत. काहीही विचारा, 'पुढच्या वेळी सांगतो' हे उत्तर ठरलेलं. आता तो निवृत्त न्यायाधीश होता आणि विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून आला होता. ती अजून इथेच शिकवत असेल असं त्याला वाटलं नव्हतं म्हणे. निदान तो तसं म्हणाला तरी.

ती दुसरीकडे कुठे जाणार होती? याच इमारतीत ती राज्यघटना शिकली आणि पुढे जन्मभर तीच शिकवत राहिली, म्हणून तर मुलांची ती घटनाबाई. मूलभूत हक्कांवर बोलायला लागली की मागच्या बाकावर पेंगणारेही ताठ बसत. तिच्या हाताखालून गेलेली मुलं मोठमोठ्या कोर्टांत गाजत होती. धाकटी बहीण मात्र म्हणायची, "ताई, तू राज्यघटनेशीच लग्न लावलंस. पण तिच्यात निदान दुरुस्त्या तरी होतात!"

"बायको काय म्हणते?" बाईंनी अगदी सहज विचारलं. सहज विचारायचं म्हणून मुद्दाम एका पुस्तकावरची धूळ झटकली.

"तो विषय तहकूबच राहिला." त्याने पुस्तकं स्वतःकडेच ठेवली. "निघालीस कुठे?"

"आज शेवटचा तास माझा. उलटा तास."

त्याचं हसू मावळलं. "अजून घेतेस?"

उलटा तास ही त्यांच्या जुन्या सरांची पद्धत. त्या तासाला प्रत्येकाने स्वतःच्या मताच्या नेमकं विरुद्ध बोलायचं, तेही जीव ओतून. घंटा होईपर्यंत सुटका नाही.

शेवटच्या वर्षी सरांनी गमतीने विषय दिला होता, माणसाने लग्न करावं का. तहकूब उठला. एकटं राहण्यात काय सुख आहे ते रंगवून सांगायला लागला. घरी वाट बघणारं कुणी नको, रुसणारं नको, चहात साखर किती हे लक्षात ठेवणारं नको... आणि हे सगळं तिच्याकडे बघत. नियमाप्रमाणे अर्थ उलटा घ्यायचा, आणि तो कुणासाठी होता हे सगळ्या वर्गाला कळलं होतं. तिचे कान तापले. मग ती उठली आणि सोबतीबद्दल बोलली. दोघांनी मिळून म्हातारं होण्याबद्दल बोलली. सरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि परीक्षा संपताच तो लांबच्या शहरात वकिलीला निघून गेला, एक शब्दही न बोलता. ती वाट बघत राहिली. मग तिने स्वतःची समजूत घातली, की तास होता, संपला. आपणहून विचारायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण टोचणी काही गेली नाही.

"एक विचारू?" आता बाई म्हणाल्या. "न सांगता का गेलास?"

"तू नाही म्हणालीस म्हणून."

"मी? मी तर लग्नाच्या बाजूने बोलले होते!"

"उलट्या तासाला," तो हळूच म्हणाला. "जीव ओतून. आता नियमाप्रमाणे त्याचा अर्थ काय होतो... तूच सांग."

बाई तिथेच पायरीवर बसल्या.

"अरे... मी नियम मोडला होता."

"तू?" तो बघतच राहिला. "सरांना तास दोन मिनिटं आधी सोडू न देणारी तू? माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही ते."

"तू असा बघत होतास — मला खोटं बोलताच येईना."

दोघंही हसायला लागले. हसता हसता बाईंचे डोळे भरून आले. त्याने रुमाल पुढे केला.

वर्ग गच्च भरला होता. तो मागच्या बाकावर, जिथे पूर्वी बसायचा तिथेच जाऊन बसला. मुलांनी विषय आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता, बाईंनी निवृत्त व्हावं का.

"जरूर व्हावं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "बाईंची आम्हाला मुळीच आठवण येणार नाही." आणि ती पटकन खाली बसली. एकामागून एक मुलं उठली, बाई गेल्या की किती बरं होईल ते सांगत राहिली, आणि बाई खडू हातात फिरवत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"पाहुणे बोलणार का?" कुणीतरी विचारलं.

तो उठला. "मला वेळ हवा. घंटा होईपर्यंत."

वर्गात खसखस पिकली. "न्यायाधीशसाहेब," बाई म्हणाल्या, "अजूनही तहकुबी?"

"शेवटची."

घंटा झाली, पण कुणीच जागचं हललं नाही. तो उभाच होता.

"मी एकटा राहतो," तो म्हणाला, "आणि मला ते अजिबात आवडत नाही. तुझ्या चहात साखर अर्धा चमचा, हे अजून लक्षात आहे माझ्या. राहिलेले दिवस... माझ्याबरोबर काढशील?"

बाईंनी खडू खाली ठेवला. हात झटकले. मग पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळल्या.

"घंटा नक्की झाली ना गं?"

"झाली, बाई."

"मग हो," बाई म्हणाल्या.