अख्ख्या नांग्यांचे वीस खेकडे

वीस खेकडे, नांग्या शाबूत, आणि बदल्यात शिपायाची नोकरी! एवढ्यासाठी पंचशीला आणि तिचा धाकटा भाऊ नरसिंग भर दुष्काळात मांजरा नदीच्या कोरड्या पात्रातून निघाले होते. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली. कचेऱ्या नव्या, साहेब नवे, आणि त्यांच्या जिभेचे चोचलेही नवे! कारकून अण्णारावांनी बजावलं होतं, "साहेबांच्या पाहुण्यांना मोडक्या नांगीचा एकही चालणार न्हाई. संध्याकाळपर्यंत आणा, नरसिंगाचं नाव घालतो."

दोन कोसांवर, उंच दरडींच्या मधे, डोहाचा ओला गाळ तेवढा उरला होता. पाणी आटलं तसे खेकडे दरडीच्या बुडाशी खोल बिळांत शिरले होते. एरवी पंचशीला बिळात तारेचा आकडा घालायची. खेकडा नांगीने तो आकडा पकडायचा, आणि ओढताना नांगी तुटली तरी कुणी विचारत नसे. आज आकडा कमरेला आणि उघडा हात बिळात! दुपारपर्यंत दोघांची बोटं सोलून निघाली, पण पाटीत एकोणीस खेकडे खडखडत होते.

विसाव्या बिळाच्या वर दरडीला भेग होती.

"तिथं नको रे, माती भुसभुशीत हाय."

"एकच राहिला की, आक्का!"

नरसिंग आडवा झाला. खांद्यापर्यंत हात आत गेला. आणि तो किंचाळला!

खेकड्याने दोन बोटं धरली होती. वरून माती गळू लागली. भेग बोटभर झाली, मग वीतभर! पंचशीलाने आकडा त्याच्या हाताला लावून आत सरकवला.

"मोडू नको, आक्का! नोकरी जाईल!"

"मसणात गेली तुझी नोकरी!"

तिने आकडा पिळला. कडकन आवाज झाला. भावाच्या दंडाला धरून ओढलं! दगडाला पाय लावून पुन्हा ओढलं! दोघं मागे फेकली गेली आणि दरड धाडकन खाली आली.

तुटलेली नांगी नरसिंगाच्या बोटांवर तशीच आवळलेली होती. ती काढल्यावर कळलं, अर्धा चेंदा नांगीने केला होता आणि अर्धा बहिणीच्याच आकड्याने. पंचशीला ओक्साबोक्शी रडली. मग पदर फाडून तिने हात बांधला.

"आधी कचेरी, मग दवाखाना," नरसिंग दात आवळून म्हणाला.

उन्हं कलताना दोघं कचेरीत पोचली. अण्णारावांनी पाटीत डोकावून मान डोलावली. मग त्यांना रक्ताळलेलं फडकं दिसलं.

"एक कमी हाय, पण चालंल. ठेवा. नोकरीचं मात्र विसरा. शिपायाला धड हात लागतो, बाई."

पंचशीलाने दाराशी टेकलेल्या भावाकडे पाहिलं. मग पाटी उचलली आणि अण्णारावांच्या टेबलावर, फायलींवर, मांडीवर उपडी केली!

"नांग्या शाबूत हायेत, भाऊसाहेब. तपासून घ्या!"

भावाचा धड हात धरून ती दवाखान्याच्या वाटेला लागली. मागे अण्णाराव खुर्चीवर चढून बोंबलत होते.