थोरलीच्या वळणावर

पोरीला फळ्यावरचं दिसत नाही, अशी बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली. म्हणून दुपारी दुकान बंद असायच्या वेळेला चष्मेवाला तिला घेऊन दुकानात आला. घरचंच दुकान असताना दुसरीकडे कशाला जायचं?

मुलगी पोटची नव्हती. पोटची थोरली सातव्या वर्षी तापानं गेली, आणि बायकोनं वर्षभर अंथरूण सोडलं नाही. मग त्यांनी अनाथाश्रमातून हिला आणली. गोल चेहऱ्याची, नकट्या नाकाची, एका जागी ठरेल तर शपथ! बायको हळूहळू माणसात आली. हल्ली येणारेजाणारे म्हणत, "अगदी थोरलीच्या वळणावर गेलीये हो!" बायको हरखून जाई. तो मात्र पोरीकडे निरखून बघत राही. रक्ताचं नातं नाही, मग हे वळण आलं कुठून? पोरीचं नाकसुद्धा सरळ होत चाललं होतं.

मागच्या खोलीत त्यानं दिवा मालवला. समोर अक्षरांचा तक्ता तेवढा उजळला. तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवून तो एकेक काच बदलू लागला. उजवा डोळा स्वच्छ. डाव्याला उणे सव्वादोन.

त्याचा हात थबकला. हा थोरलीचा नंबर. हिला आणली तेव्हा त्यानंच तपासली होती. शेवटची ओळ तिनं घडाघडा वाचली होती.

"बाळा, कधीपासून दिसत नाही?"

"आई रडायची थांबली ना, तेव्हापासून." ती हळूच म्हणाली, "मी ताईच्या फोटोसारखी हसले, की आई जेवायची. आधी मी मुद्दाम करायचे... आता आपोआप होतं, बाबा."

त्याला भडभडून आलं. त्यानं खाली बसून तिला पोटाशी धरलं. "नको गं राणी. तू तुझ्यासारखीच राहा. आईला मी सांगतो."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग त्याच्या खांद्यापाशी दुसराच आवाज आला.

"त्या दिवशी लवकर का नाही आलात? मी दाराकडे बघत होते..."

थोरली गेली त्या दिवशी गिऱ्हाईक सोडवेना म्हणून तो औषध घेऊन उशिरा घरी पोचला होता. औषधाच्या दुकानात गर्दी होती, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. खरं कुणालाच माहीत नव्हतं.

त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले. क्षणभर वाटलं, राहू दे अशीच. लगेच स्वतःचीच शरम वाटली, आणि आश्रमातल्या लाडक्या नावानं त्यानं हाक मारली, "भिंगरी! ए भिंगरी!"

मिठीतली पोर हलली नाही. ओ आली ती बाहेरून, दुकानाच्या बंद दारापलीकडून.

"ओ... बाबा, मी इथे आहे. आत घ्या ना."

तो अर्धवट उठला. चिमुकल्या बोटांनी त्याचा सदरा घट्ट धरला. "आज तरी जाऊ नका," थोरली म्हणाली.

तो खाली बसला.

दारावर दोनदा टकटक झाली. मग तीही थांबली.