टोपणभर स्कॉच

"आधी नाकानं पी, पोरी. घाई केली तं फूल रुसते."

गिरजा आत्याचा हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकलेला, वाळत घातलेल्या मोहफुलांपाशी. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण सावली गावच्या बाजारात एक अनोळखी पोरगा माझ्या मोहफुलांच्या टोपलीवर वाकून, डोळे मिटून उभा राहिला, आणि तो आवाज कानात उमटला.

"घेऊन राह्यले, का नुसतेच हुंगून राह्यले?" मी विचारलं.

"आमच्या बारमधली एक स्कॉच अशीच महकते," तो म्हणाला. "शेरीच्या पिंपात मुरलेली. शेरी म्हणजे द्राक्षाची गोड दारू. स्कॉचमधी स्वस्त हाय, पण मनानं श्रीमंत."

"तुमच्यासारखी?"

"मी नुसताच स्वस्त."

तो चंदन. मग दर बाजाराला पावशेर फुलं न्यायचा. पुडी देताना बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही उगाच उन्हाबद्दल बोलायचो.

"स्कॉच कवा चाखवतो, ही मंगली विचारून राह्यली..." मी म्हणायचे.

"आणतो ना. जरा धीर धर."

तीन महिने गेले. आज आणली. बाजार उठला होता. माझ्या ताडपत्रीआड त्यानं सील तोडलं, टोपण भरलं. आमच्या रीतीनं दोन थेंब मी मातीला, पूर्वजांना दिले. मग हुंगलं, आणि घोट घेतला. मनुका... वाळलं मोहफूल... जुनं लाकूड. आणि शेवटी जिभेवरून हलेचना असा एक कडवटपणा.

"कशी हाय?"

"गोड हाय. मंग कडू होते." मी टोपण मुठीत धरलं. "चंदन, गेल्या रविवारी घरी पाव्हणे आले होते. पोराकडची मोहाची घेऊन. बाबानं पिली."

आमच्यात पोरीच्या बापानं पोराकडची दारू प्यायली, की शब्द दिला गेला. तो फिरत नाही. हे मीच त्याला एकदा हसत हसत सांगितलं होतं... त्यानं समजावं म्हणून.

त्यानं बाटलीच्या उघड्या तोंडावर तळहात ठेवला.

"गेल्या रविवारी मीबी निघालो होतो," तो म्हणाला. "हेच घेऊन. तुझ्या बाबासाठी."

"मंग?"

"वैनगंगेच्या पुलापल्याड तुमचा जिल्हा दारूबंदीचा. नाक्यावर थैल्या तपासून राह्यले होते. तासभर पुलावर उभा होतो, मंगली... मंग वापस फिरलो. म्हटलं, दुसऱ्या वाटेनं येईन. रिकाम्या हातानं तुझ्या बाबासमोर कसा उभा राहू?"

त्याच तासाला मी, तो येईल या आशेनं, दारात बसून होते. हे त्याला कधी सांगायचं नाही, असं ठरवूनच आज पूल ओलांडला होता. पण त्यानं टोपण मागायला हात पुढे केला...

"बाटली कायले पाह्यजे होती रे," मी म्हणाले. "माह्या हातची मोहाची घरातच ठेवली होती, तुह्या नावानं. तू नुसता आला असता तं मीच तुह्या हाती दिली असती."