गसच्या पिंजऱ्याजवळचं घड्याळ

ऑरिन लिंडक्विस्टने एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. हिरव्या शाईतलं, बिननावाचं, खाली फक्त टपाल कार्यालयातल्या खासगी पेटीचा क्रमांक. ‘तुमचं सरड्यांवरचं पुस्तक वाचलं. असा प्राणी उबेशिवाय किती तास राहू शकतो?’ ऑरिनने चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. आपलं चुकलं तर? सहा आठवडे पत्र शब्दकोशात पडून होतं.

आज त्याची शेजारीण, खाजगी गुप्तहेर व्हर्ना कोलस्टॅड, सरड्यांचा जाणकार म्हणून त्याला सरोवरकाठच्या डलूथ शहरातल्या टेकडीवरच्या एका घरी घेऊन आली होती.

“कुणीतरी गसला मारतंय,” लोरेटा ह्रुस्का कुजबुजली. “किल्ल्या तिघांकडेच आहेत. मी, माझा दीर डेल आणि शेजारची अर्मा. मी उशाखाली सुरी ठेवून झोपते हो.”

गस म्हणजे तिच्या मुलाचा दाढीवाला सरडा. मुलगा मालवाहू जहाजावर होता. सरोवर गोठलं की जानेवारीत परतणार होता. तोवर गस जगायला हवा होता. चारशे दहा ग्रॅमचा तो दोनशे नव्वदवर आला होता. शेपटीच्या मुळाशी हाडं वर आली होती, डोळे आत गेले होते.

“खातो का?” व्हर्नाने विचारलं.

“सकाळी मी कामावर गेले की अर्मा पाला ठेवते. घरी येते तेव्हा वाटी रिकामी! पण मी रातकिडे दिले की तोंड फिरवतो. रविवारी मी घरी असते, तेव्हा जरा खातो.”

“पिंजरा फारच स्वच्छ आहे.”

“घाण करतोच कुठे? दहा दिवसांतून एकदा.”

ऑरिनने पिंजऱ्यात हात घातला. दिवा झगझगत होता, खालचा दगड मात्र गार होता.

साडेचार वाजले होते. फडताळावरचं जुनं विजेचं घड्याळ साडेआठ म्हणत होतं. त्याची वायर दिव्याच्याच एक्स्टेंशन बोर्डात गेली होती.

“ते म्हातारं झालंय,” लोरेटा म्हणाली. “रोज काटे आठ तास पुढे करते. रविवारी मात्र नीट चालतं, मेलं!”

तळघरातून डेल जांभया देत वर आला. “रात्रपाळी करून मी दिवसभर मढ्यासारखा झोपतो, आणि वहिनी माझ्यावर संशय घेते! सरड्यापेक्षा मीच वाळलोय. त्या अर्माबाईंना विचारा. माझी सिगारेट दिसली की नळाखाली धरतात.”

तेवढ्यात अर्मा आली. आल्या आल्या तिने किटलीचा प्लग उपटला, मग सगळ्यांकडे पाहिलं. “माझ्याकडे काय बघता? पाला वेळेवर ठेवते मी. मी लिहिलेली ती यादी बघा ना.”

फ्रिजवरची यादी हिरव्या शाईत होती. ऑरिनचे कान तापले.

“लोरेटा, सुरी स्वयंपाकघरात ठेव,” व्हर्ना म्हणाली. “इथे खुनी नाही. घड्याळ बिघडलेलं नाही, ते रोज आठ तास बंद असतं. म्हणजे दिवाही. तू घरी असलीस की दोन्ही चालतात. तू येण्याआधी दिवा लागतो, पण दगड तापायला वेळ लागतो. उबेशिवाय सरडा खात नाही, खाल्लेलं पचवतही नाही. म्हणून पिंजरा स्वच्छ. मग वाटी कशी रिकामी होते? पाला कुणीतरी काढून नेतं. डेल दिवसभर झोपलेला. आणि प्लग उपटायची सवय कुणाला आहे, ते आत्ताच पाहिलं.”

अर्मा मटकन बसली. “कोंबडीच्या पिल्लांना उबेचा दिवा लावला होता आम्ही. त्या दिव्यानेच घर जळालं. इथे तर खाली माणूस झोपलेला… पाला तसाच दिसला असता तर लोरेटा घाबरली असती.”

डेलने हातातली सिगारेट गुपचूप खिशात घातली.

“मी पत्रातून विचारलं होतं सरड्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एकाला,” अर्मा डोळे पुसत म्हणाली. “उत्तर आलं नाही. म्हटलं, म्हणजे चालत असेल.”

ऑरिन पिंजऱ्यातला गार दगड पुन्हा चाचपू लागला.

डेलने दिव्याला लोखंडी जाळी बसवली, छताला धूर होताच वाजणारी घंटा लावली. दिवसभर अर्मा विणकाम घेऊन पिंजऱ्याशी बसू लागली. दुसऱ्या रविवारी गसचा वजनकाटा तीनशे अकरा ग्रॅमवर गेला.

त्या संध्याकाळी ऑरिनने लिहिलं: ‘रात्री चालतं, दिवसा मात्र त्याला रोज ऊब हवीच. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं. चूक तुमची नाही. ऑरिन लिंडक्विस्ट.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडलं. ते परत काढता येईल का, म्हणून त्याने आत हात घालून पाहिला. येत नव्हतं.